मंडपातलं इंजिन

आमच्या चाळीत लोक गॅलरीत बसून पेपर वाचतात, जिन्यात बसून वाचतात, तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर नळाच्या रांगेत उभे राहून वाचत. आमचे हे मात्र गाडीत बसून वाचायचे. आंघोळ झाली की पेपर काखेत मारून जिना उतरायचे, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या गाडीचं दार उघडायचे, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि काच खाली करायचे. गाडी कुठे जायची नाही. तिचं इंजिन कधीच मेलेलं होतं, ब्लॉकला तडा गेला होता. तरी येणारा-जाणारा वाकून विचारायचा, "काय आजोबा, आज कुठे?" आणि हे रोज नवं गाव सांगायचे. कधी गुहागर, कधी महाबळेश्वर. चहाला उशीर झाला की दाराच्या पत्र्यावर टकटक करायचे, कारण हॉर्न वाजवायला बॅटरीत जीव नव्हता. मी कप घेऊन खाली गेले की म्हणायचे, "बस, दादरला सोडतो."

नोकरी गोदीतल्या कचेरीत झाली होती. रिटायर झाल्यावर काही वर्षं भटकले. मग गुडघे दुखायला लागले, मग बरोबरीचे मित्र एकेक करून गेले, आणि चाळीच्या गेटबाहेर जायचं ह्यांनी सोडूनच दिलं. सकाळचा तो तास-दीड तास गाडीत बसणं, एवढंच काय ते बाहेर जाणं उरलं होतं. म्हणून त्या सीटवरून ह्यांना कुणी हसत नसे. मी सोडून.

आणि एका आषाढात मंडळाचा सेक्रेटरी घरी आला. हा पोरगा आमच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला, माझ्या हातचे लाडू चोरून खाल्लेला. चप्पल बाहेर काढून आत आला आणि चहा नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी कडू बोलायला आलाय.

"आजी, यंदा मंडप टाकीपर्यंत येतोय. मूर्ती मोठी आहे."

"येऊ दे की. टाकीला विचारलंस का?"

"आजी, मस्करी नको. गाडी हलवावी लागेल. शेजारच्या गल्लीत जागा करून देतो, पण तिथे धक्का मारत न्यायची नाही. तिथले लोक म्हणतात, चालती गाडी आणा, भंगार नको. नाहीतर..." त्याने ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. "नाहीतर भंगारवाल्याचा टेम्पो सांगायला लागेल."

ह्यांनी पेपरची घडी होती, ती परत घातली. दुसऱ्या दिवशी गाडीत जाऊन बसले तेव्हा कुणीतरी विचारलं, "आज कुठे, आजोबा?" तर म्हणाले, "आज नाही कुठे." वरून मी ते ऐकलं.

ही गाडी आम्ही घेतली तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास होते, आणि इतकी शिष्ट होते की आता त्या बाईला समोर बसवून चार शब्द सुनवावेसे वाटतात. माहेर गिरगावातलं. त्यामुळे लालबागच्या चाळीत आपण उपकार म्हणून नांदतोय, असा एक समज डोक्यात घट्ट बसलेला. गाडी सेकंडहँड होती, पण बाई तसं सांगत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "एका डॉक्टरांकडची आहे," जणू काही डॉक्टरांनी ती स्टेथोस्कोप लावून तपासून दिली होती. दादरला मेथी आणि वांगी आणायला जाताना काळा गॉगल लावी. मेथीवाली मला एकदा म्हणाली, "ताई, डोळे आलेत का?"

गाडी रस्त्यात बंद पडली आणि ह्यांनी बॉनेट उघडलं की बाईसाहेब इतक्या लांब जाऊन उभ्या राहत की त्या बसची वाट बघतायत असं वाटावं. परळच्या पुलाखाली एकदा खरोखरच बस थांबली, कंडक्टर म्हणाला, "चला ताई, चढा लवकर," आणि ती बाई चढली! ह्यांना तेलकट हातांनी तिथे उभं ठेवून घरी येऊन आमटीला फोडणी दिली. हे संध्याकाळी आले आणि एवढंच म्हणाले, "तिकीट काढलंस ना?"

बॉनेटच्या आत मी कधी पाहिलं नाही. परका माणूस अंघोळ करत असला की आपण जशी मान फिरवतो तशी मी मान फिरवत असे. इतकी वर्षं त्या गाडीतून कोकणात गेलो, लग्नांना गेलो, मुलीला बाळंतपणाला आणली, आणि आपल्याला ओढतंय कोण हे बघावंसं मला वाटलं नाही.

ज्या मुलीला आणली तिची मुलगी, म्हणजे माझी नात, आता आमच्याकडे राहते. जवळच मिलच्या जागेवर काचेचे टॉवर उठले आहेत, त्यातल्या एकात तिचं ऑफिस आहे. शिकली मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि दिवसभर करते काय तर कॉम्प्युटरवर चौकोन हलवते. हात शिवशिवत होतेच. सेक्रेटरी येऊन गेला त्या संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली, "आबा, आपण इंजिन बदलू."

"इंजिन म्हणजे काय बल्ब आहे?" हे म्हणाले.

"नाही. पण बदलता येतं. तशाच दुसऱ्या गाडीचं आणायचं, ह्यातलं काढायचं, ते बसवायचं. आपल्या आवारात. मी बसवते."

"एकटी?"

"मंडळाची पोरं आहेत ना. गाडी घालवायची घाई त्यांनाच आहे, मग हातपण त्यांनीच लावावा."

हे ऐकून मला ती अचानक फार आवडली. माझ्यावर गेलीय, असं मी मनात म्हटलं. मग ती काळ्या गॉगलची बाई आठवली आणि विचार बदलला. माझ्यावर नाही गेलेली, देवाची कृपा.

इंजिन रे रोडला मिळालं. मी हट्टाने बरोबर गेले. गोदीकडच्या बाजूला लाकडाच्या वखारींच्या मागे एक पत्र्याची शेड होती, आणि आत जमिनीवर नुसती इंजिनं. गाड्या नाहीत, चाकं नाहीत. पाटावर जेवायला बसवावीत तशी ओळीने बसलेली इंजिनं. पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उजेडात ती काळी, गप्प, जड दिसत होती. ह्यांतल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या घरातली माणसं घाटावर चढवली असणार, कुणाला हॉस्पिटलात पोचवलं असणार, आणि त्या माणसांनी ह्यांचं तोंडही पाहिलं नसणार. तिथे मला पहिल्यांदा आपलं काय पाहायचं राहिलं ते कळलं.

शेडवाला म्हणाला, "आजी, आप बाहर बैठो. साडी को ऑइल लगेगा."

"साडी जुनी है," मी म्हटलं. "इंजिन नया दिखाओ."

तो हसला. "नया इधर काय को मिलेगा, आजी? अच्छा मिलेगा."

नातीने उकिडवं बसून एकाचे प्लग काढले, आत टॉर्च मारला, पान्याने पुढची पुली फिरवून बघितली. मला म्हणाली, "आजी, ह्या भोकावर अंगठा धर." मी धरला. तिने पाना फिरवला आणि आतून वाऱ्याचा असा एक धक्का आला की माझा अंगठा वर उडाला. मी किंचाळले. मेलेल्या लोखंडाने मला ढकललं होतं! नात म्हणाली, "कॉम्प्रेशन चांगलं आहे." मी म्हटलं, "जिवंत आहे म्हण की."

ज्या गाडीतून ते काढलं होतं तिचा सांगाडा समुद्राच्या हवेने सडून गेला होता, इंजिन मात्र ठणठणीत होतं. गोणपाटात गुंडाळून ते हातगाडीवर चढवलं. इंजिनाचा नंबर बदलला की आरटीओत कळवावं लागतं, तेही नात रीतसर करणार होती. हातगाडीवाला पुढे, नात बाजूला, आणि मी मागे. रस्ताभर मला सारखं वाटत होतं की कुणीतरी झांज वाजवायला हवी. बोलले नाही, कारण नातीने तोंड उघडायच्या आधीच सांगितलं होतं, "आजी, लोक बघतायत." त्या काळ्या गॉगलच्या बाईला हे ऐकून भोवळ आली असती.

आता प्रश्न होता, इंजिन उचलायचं कशाने. गॅरेजात त्यासाठी उंच लोखंडी घोडा असतो, त्याला इंजिन टांगतात. आमच्याकडे घोडा नव्हता, पण मंडळाकडे चेनपुली होती. मोठी मूर्ती चौरंगावर चढवताना वापरतात ती. साखळी हाताने ओढायची की आकड्याला टांगलेलं मण-मण वजन बोटभर बोटभर वर येतं. आणि ती टांगायला हवा भक्कम आधार. सेक्रेटरीने डोकं खाजवलं, आवारभर चक्कर मारली आणि म्हणाला, "मंडपाचा मधला लोखंडी सांगाडा आधी गाडीवरच उभा करतो. नंतर तिथेच लागणार आहे नाहीतरी."

म्हणजे बघा, जिथे महिन्याभराने बाप्पाची मूर्ती बसायची, बरोबर त्या जागी, त्याच आडव्या खांबाला, त्याच साखळीने आमचं इंजिन टांगलं जाणार होतं.

समोरच्या खोलीतले भावजी लगेच खाली उतरले. मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद झाली तरी त्यांचा हुकूम चालूच आहे. "अगो बाय, माका विचार," ते नातीला म्हणाले. "मी लूम खोललेले आसत."

"काका, लूम आणि इंजिन वेगळं."

"लोखंड ता लोखंड!" असं म्हणून त्यांनी खुर्ची मागवली आणि तिच्यावर बसून शेवटपर्यंत चुकीचे सल्ले दिले. नात प्रत्येक सल्ल्याला "हो काका" म्हणे आणि उलटं करी. दोघंही खूश.

जुनं इंजिन एका रविवारी निघालं. आधी बॉनेट उतरवलं, मग रेडिएटर, होजपाइप, वायरी. प्रत्येक वायरीला नातीने रंगीत लोकरीचा धागा बांधला, माझ्या विणकामाच्या पिशवीतला. मग साखळी खडखडली आणि ते काळं धूड हळूहळू वर आलं. सगळी गॅलरी वाकली होती. एकच माणूस नव्हता, ते म्हणजे आमचे हे. आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "उजेड डोळ्यांवर येतो," म्हणाले.

इंजिन बाजूला ठेवल्यावर मी पुढे होऊन त्या रिकाम्या पोटात डोकावले. मान न फिरवता, आयुष्यात पहिल्यांदा. आत काहीच नव्हतं. खाली आवारातली लादी दिसत होती आणि लादीवर कुणाच्या तरी पूजेतलं झेंडूचं फूल पडलेलं. जिच्यावर भरवसा ठेवून आम्ही पोराबाळांना घेऊन आंबा घाटात शिरलो, ती ही एवढी पोकळी? मी कितीतरी वेळ बघत राहिले. भावजी म्हणाले, "वहिनी, काय हरवलांहा?"

पुढच्या रविवारी नवं इंजिन बसवायचं ठरलं. आणि इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिन वरून नुसतं ठेवून भागत नाही. मागे गिअरबॉक्स असतो, त्याचा दांडा बाहेर आलेला असतो, आणि तो दांडा इंजिनाच्या पाठीतल्या क्लचप्लेटच्या दातेरी भोकात सरळ जावा लागतो. बांगड्या भरतानाचं आठवा. कासार हात दाबतो, वळवतो, गोड बोलतो, पण ढकलत नाही. ढकलली की काच फुटली. तसंच हे. नातीने सगळ्यांना बजावलं, "कुणी जोर लावायचा नाही. मी सांगेन तेवढंच. टांगलेलं वजन क्लचप्लेटवर आलं की ती वाकेल."

"वाकली तर?" सेक्रेटरीने विचारलं.

"तर सगळं पहिल्यापासून."

इंजिन वर चढलं. गोणपाट काढला होता, नातीने रॉकेलने घासून ते लख्ख केलं होतं. लोखंडी सांगाड्याच्या मधोमध, ताडपत्रीच्या छपराखाली, साखळीला लटकून ते मंद डोलत होतं. ताडपत्रीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप त्याच्यावर पडली होती. खाली दोन्ही बाजूंना पोरं हात वर करून उभी. वर गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. इतकी वर्षं मी ह्याच जागी हेच बघत आलेय: वर उचललेले हात, वाकलेल्या गॅलऱ्या, मधे काहीतरी प्रचंड, जड, आणि ते येतंय, येतंय. माझे हात आपोआप जोडले गेले. इंजिन खाली उतरलं, मागे सरकलं, दांड्याचं टोक भोकाला लागलं. नात खाली झोपून ओरडली, "थांबा!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गणपती बाप्पा..."

मोठ्याने नाही हो. पण आमच्या आवारात ते शब्द मोठ्याने म्हणावे लागतच नाहीत.

"मोरया!" तीन मजले गरजले. आणि मूर्ती सरकवताना ह्या पोरांना 'मोरया'ला ढकलायचं, एवढंच लहानपणापासून माहीत! सगळ्या हातांनी एकदम जोर लावला. विचार करून नाही, हात आपले आपण गेले. आतून खडाक असा आवाज झाला. 

नात गाडीखालून बाहेर आली. तिच्या गालावर ग्रीस होतं. तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी."

"काय गं?"

"काही नाही."

क्लचप्लेट वाकली होती.

सेक्रेटरी बिचारा कान धरून उभा राहिला. सगळ्यात जास्त जोर त्याचाच लागला होता. "चूक मंडळाची," तो म्हणाला. "एक रविवार आणखी देतो. पण आजी, त्याच्या पुढे माझ्या हातात नाही. मूर्तीचा दिवस ठरलाय. टेम्पोवाल्याला त्या दुपारचं सांगून ठेवतो. गाडी चालली तर त्याला चहा पाजून परत पाठवू."

वर आले तर हे खाटेवर उठून बसलेले. 'मोरया' त्यांनीही ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हणाले, "तू एवढी भाविक कधीपासून झालीस?" मी हसायला गेले आणि हसता येईना. त्या आठवड्यात सकाळी पेपर घेऊन हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसत. वाचत नसत. बॉनेट नसलेल्या गाडीकडे बघत आणि पेपर उलटा धरलाय हेही कळत नसे. येणारा-जाणारा "आज कुठे?" विचारायला तोंड उघडी आणि तसंच मिटी.

तो रविवार उजाडला तेव्हा नातीने नवी क्लचप्लेट आणून बसवली होती आणि गाडीभोवती मंडप जवळजवळ उभा झाला होता. बांबू चढले होते, मागचा पडदा लागला होता, वर झालर. गाडी मधोमध, जणू यंदाचा देखावाच. दुपारचा सांगितलेला टेम्पो सकाळीच येऊन गेटला उभा राहिला. भंगारवाला आत येऊन खांबाला टेकला आणि नजरेनेच गाडीचं वजन करू लागला.

नातीने सगळ्यांना गोळा केलं. "आज कुणीही देवाचं नाव घ्यायचं नाही. कुणीही. शिंक आली तरी बाहेर जाऊन द्यायची." मग वर गॅलऱ्यांकडे बघून हात जोडले. आणि शेवटी माझ्यापुढे पाना धरला.

"आजी, हा धर. पुढच्या पुलीच्या नटाला लावून ठेव. मी 'हं' म्हटलं की अगदी जरासा फिरव. दांड्याचे दाते आणि भोकाचे दाते समोरासमोर आले की ते आपलं आपण आत जाईल."

"मी? एवढी दांडगी पोरं आहेत ती?"

"म्हणूनच. ती जोर लावतील. तुझ्या हातात जोर नाही."

"आणि तोंडात?" भावजी म्हणाले.

"तोंडात पदर धरेल ती," नात म्हणाली. मी खरंच पदर तोंडात धरला.

साखळी खडखडली. इंजिन उतरलं. पोरं नुसते हात टेकवून उभी, जसा नवजात बाळाला परका माणूस हात लावतो तसे. दांडा भोकाला टेकला. मी पाना धरून वाकले होते. माझं नाक इंजिनापासून वीतभर लांब असेल. रॉकेलचा, लोखंडाचा, जुन्या तेलाचा वास.

लालबागमध्ये शांतता नसते. बाहेर बस असते, डंकावर मसाला कुटत असतात, कुणाचा तरी टीव्ही, कुणाचं तरी भांडण. पण आत, त्या मंडपात, तीन मजल्यांनी श्वास धरला होता. पोरं तोंड घट्ट मिटून एकमेकांकडे बघत होती. मुक्या आरतीसारखं वाटत होतं, टाळ नाहीत, शब्द नाहीत, नुसते चेहरे. भंगारवाल्यानेसुद्धा मोबाइल वाजला तसा खिशात दाबून धरला.

"हं," नात खालून म्हणाली.

मी फिरवला. काही नाही.

"हं. आणखी."

मी आणखी फिरवला, केसभर. आणि माझ्या हाताला ते कळलं. आवाज नंतर आला, आधी हाताला कळलं. आत कुठेतरी खोलवर दाते दात्यांत बसले, आणि ते सबंध धूड, चार माणसांना न हलणारं, लोण्यात सुरी जावी तसं मागे सरकलं आणि थांबलं. 'टक्' असा एक छोटासा आवाज. बस्स. एवढाच. माझ्या बोटांना अजून तो आठवतो.

गाडीखालून नातीचा हात बाहेर आला आणि माझ्या पायाला लागला. मी तोंडातला पदर काढला, आणि मला रडू फुटलं. भावजी पुटपुटले, "लोखंड ता लोखंड," पण आवाज हलला होता त्यांचा.

नट आवळले, वायरी लागल्या. लाल धागा लाल धाग्याला, हिरवा हिरव्याला. पाणी भरलं, तेल भरलं, नवी बॅटरी बसली. मग नात जिन्यापाशी जाऊन वर बघत म्हणाली, "आबा, या. चावी तुम्ही लावायची."

हे आले. जिना उतरायला त्यांना वेळ लागतो, कुणी घाई केली नाही. मंडपाच्या तोंडाशी थांबले, वरची झालर बघितली, पडदा बघितला आणि चपला काढल्या. मग अनवाणी जाऊन आपल्या सीटवर बसले. चावी फिरवली. कुं-कुं-कुं झालं आणि थांबलं. पुन्हा. पुन्हा थांबलं. भंगारवाला खांबापासून सरळ झाला.

नातीने वाकून कार्बोरेटरमध्ये हात घालून काहीतरी केलं. "आबा, पाय दाबू नका. नुसती चावी."

तिसऱ्यांदा कुं-कुं झालं, एक खोकला आला, पाठीमागून काळ्या धुराचा लोट पडद्यावर आदळला, आणि मग ते लागलं.

मी मडगार्डवर हात ठेवला होता. आमच्या गल्लीतल्या डंकाच्या दुकानात उभं राहिलं की तळपायांतून जो हादरा चढतो, तसा तो तळहातातून चढला. बांबू थरथरत होते, झालर थरथरत होती. जमिनीवर ठेवलेलं मेलेलं लोखंड, अंगठा ढकलणारं, रे रोडच्या शेडमधलं, ते आता श्वास घेत होतं, आणि श्वास घेताना सगळी चाळ हलवत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी रडत होतं. खाली पोरं तोंड दाबून उभीच. नात ओरडली, "आता बोला रे!" तेव्हा जी आरोळी उठली ती परळपर्यंत गेली असणार.

बॉनेट चढवलं. हे बाजूच्या सीटवर सरकले, नात स्टिअरिंगला बसली. गेटात टेम्पो आडवा होता. भंगारवाला धावत गेला, स्वतः टेम्पो मागे घेतला आणि हात हलवत राहिला, "आने दो, आने दो." गाडी त्याच्या बाजूने शेजारच्या गल्लीत गेली. ह्यांनी काच खाली केली होती. कुणीतरी विचारलं, "कुठे, आजोबा?" तर हे म्हणाले, "इथेच. शेजारी."

मंडपातल्या लादीवर तेलाचा एक डाग राहिला होता. पोरं घासायला आली तर सेक्रेटरी म्हणाला, "राहू दे रे. वर चौरंग येणारच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून हे पेपर काखेत मारून निघाले. जिना उतरले, आवार ओलांडलं, गेटातून बाहेर पडले. मी गॅलरीतून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ गेटाबाहेर दिसत होती. मसाल्याच्या दुकानापाशी थांबले, कुणाशी तरी बोलले, वळले आणि दिसेनासे झाले. मी तशीच कठड्याला धरून उभी राहिले, चहा उकळून ऊतू जाईपर्यंत.

मग शेजारच्या गल्लीतून हॉर्न ऐकू आला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांब.

मी नवा चहा टाकला. किटली घेतली, दोन कप घेतले, आणि कमरेला एक जुनं फडकं खोचलं. आता चहा द्यायच्या आधी बॉनेट मी उघडते. आत वाकून बघते, तेलाची दांडी काढून पुसते, परत घालून तेल मापते. येणारे-जाणारे थांबून बघतात. त्यांत एखादी गॉगलवाली असलीच तर खुशाल बसस्टॉपवर जाऊन उभी राहू दे.